आजोबांवर दोन शब्द

आजोबा या विषयावर मी इतका वेळ बोललो, की माझ्याच नातीचा नाच राहून गेला.

दोष विषयाचा नव्हता. विषय चांगला होता. माझी सगळी नोकरी जवाहरनगरच्या कारखान्यात आणि तिथल्या क्वार्टरात गेली. आमच्या एका जिन्यावर चार राज्यं राहत होती. संध्याकाळी पोरं आपापल्या म्हाताऱ्याला जेवायला हाका मारत. वरून ‘तातय्या’, खालून ‘दादू’, समोरून ‘अजा’. हाका निरनिराळ्या आणि सगळ्यांना ओ देणारा खोकला मात्र एकच. तेव्हापासून मला या शब्दांचा नाद लागला. निवृत्तीनंतर तो वाढला, कारण मोबाइलमध्ये अख्खं जग आहे आणि मला दुपारची झोप येत नाही.

घरी हे कोणी ऐकून घेत नाही. रशियात आजोबाला देदुश्का म्हणतात, असं मी बायकोला एकदा सांगितलं. ती म्हणाली, “म्हनू द्या. तुमी आंदी गॅस बंद करा.”

अशा उपासमारीत मोहाडीजवळच्या आमच्या गावच्या शाळेने मला आजी-आजोबा दिवसाला ‘दोन शब्द’ बोलायला बोलावलं. (माझ्याकडे चाळीसेक भाषांतले होते. पण दोनवर अडून बसणं बरं दिसलं नसतं.)

माझी नात सांची त्याच शाळेत तिसरीत आहे. तिचा धान रोवण्याचा नाच होता. गेले काही दिवस आमच्या बैठकीत चिखल आहे असं समजूनच सगळ्यांनी चालायचं होतं. हिरव्या कागदाच्या रोपांच्या जुड्या तिने स्वतः बांधल्या होत्या. आदल्या दिवशी तिने मला समोर उभं केलं.

“आबा, पाचच मिनिटं बोलजा. माहा नाच सगळ्यात शेवटी आहे. मंग खाली येऊन पुढच्या खुर्चीवर बसजा. मी तुमच्याकडे पाहूनच नाचीन.”

“बसतो ना,” मी म्हणालो. आणि तेव्हा मी मनापासूनच म्हणालो होतो.

सुरुवात छान झाली. “आपला आजा हा शब्द मूळचा संस्कृतातला आर्यक,” मी सांगितलं, “म्हणजे मान द्यावा असा माणूस. पालीत तो अय्यक झाला. लोकांच्या तोंडात घोळून घोळून झिजला आणि आजा उरला.” (समोर बसलेले आजेही त्याच पद्धतीने झिजून उरलेले दिसत होते.) मग मी बाळाच्या तोंडाकडे वळलो. बाळाला दात नसतात, म्हणून जगभर त्याच्या तोंडून बा, दा, ता असेच सोपे आवाज निघतात आणि त्यांचेच पुढे आजोबा होतात, हे समजावलं.

पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले. “साहेब, माह्या तोंडातबी दात नाही. मले तं दादा म्हनताच येत नाही.”

हशा झाला. घात इथेच झाला. टाळ्या मिळाल्या की माणूस थांबतो, हशा मिळाला की थांबत नाही.

मी तुर्कस्तानात गेलो. तिथून आफ्रिकेत उतरलो. पडदा म्हणून बांधलेल्या चादरीआडून सांचीने तोंड बाहेर काढलं आणि हिरवी जुडी जोरजोरात हलवली. पोरगी कौतुक करते आहे, असं समजून मीही हात हलवला. शाळेच्या मोठ्या मॅडम खोकल्या. मी माझा पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. आणि मग, कोणी मागितलेलं नसताना, सभेला विचारलं, “तुमच्या घरी तुम्हाला काय म्हणतात?”

“आबाजी.”

“आमच्या इथं तं बुढाच म्हनते. तोंडावर.”

“मले कोनी काहीच म्हनत नाही. चहा ठिवते अन् जाते.”

यावर दोन शब्द बोलणं मला भागच होतं.

एवढ्यात साउंडवाला वाकून माझ्या पायाखालची वायर गुंडाळू लागला. मी सभ्यपणे आधी उजवा पाय उचलला, मग डावा. माइक बंद पडला. मी आवाज चढवला. माझा आवाज कारखान्यातल्या यंत्रांशी भांडून तयार झालेला आहे, तो माइकवाचून अडत नाही. स्पीकरचा बॉक्स बाहेर गाडीत चढला, तेव्हा कुठे मॅडम धावल्या.

“अहो, एक नाच राहिला आहे ना!”

“वरठीले एका लग्नाचं साक्षगंध आहे जी मॅडम,” तो म्हणाला. “बारापर्यंतचीच बोली होती. मी तं कवापासून उभा आहो. हे साहेब थांबूनच नाही राहिले.”

गाडी गेली. मॅडमनी गाणं आपल्या मोबाइलवर लावलं. ते पहिल्या रांगेलाही पोचेना. (त्या रांगेला तसं काहीच पोचत नाही.) सांची जुड्या हातात धरून मधोमध उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. पुढची खुर्ची रिकामी होती.

“मी म्हणतो गाणं,” मी म्हणालो.

बायको मागच्या रांगेतून बोलली, “आता तरी बसा.”

मी बसलो नाही. पहिलं कडवं इतकं संथ गायलो, की तिने रोवलेलं धान तेवढ्यात कापायला आलं असतं. बिचारी एक पाय उचलून ताल येण्याची वाट पाहत उभी राहिली. दुसरं कडवं मला येत नव्हतं, म्हणून पहिलंच पुन्हा घेतलं. ताल आला नाही. तिने पाय खाली ठेवला, जुड्या जमिनीवर ठेवल्या आणि चादरीआड निघून गेली. आज्यांनी टाळ्या वाजवल्या. सुटका झाल्याच्या टाळ्या मला ओळखू येतात.

घरी जाताना ती आजीचा हात धरून पुढे चालली होती. मी जुड्या घेऊन मागे. मी पार थकलो होतो, तरी म्हणालो, “सांची, चुकलं माझं.” तिने चाल वाढवली. मला राहवेना, म्हणून मी म्हटलं, “तुला माहीत आहे का, जपानात आजोबाला...”

ती थांबली. माझ्याकडे वळलीसुद्धा नाही.

“आजी,” ती म्हणाली, “पुढच्या वर्षी मी दुसऱ्या कोनाचा आजा मांगून नेईन. त्याले बोलता नाही आलं तरी चालन. बसता आलं पाह्यजे.”