आठच्या आत फोटो

भालचंद्र पाठकांना काळजी करायला कारण लागत नसे. पाऊस आला की छपराची, नाही आला की विहिरीची, आणि दोन्ही ठीकठाक असलं की आपण नक्की काहीतरी विसरलो आहोत, याची. नांदुऱ्याला स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर घर, पण मुलीकडे जायचं तर हे गृहस्थ गाडीच्या दीड तास आधी फलाटावर हजर. त्यांच्या पत्नी शरयूताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ह्यांच्यात देवानं रक्त कमी आणि धास्ती जास्त भरलीय."

तेहतीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळलं. आलेल्या कागदावर तारीख, क्रमांक, शिक्का. गेलेल्या कागदावर तारीख, क्रमांक, शिक्का. आत काय लिहिलंय ते वाचणं त्यांचं काम नव्हतं आणि ते वाचतही नसत. फक्त नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात, दोन हजार सतरा साली, गुलाबी बोंडअळीच्या नुकसानीचे अर्ज आले तेव्हा त्यांना वाचावंच लागलं, कारण अर्ज घेऊन आलेली माणसं टेबलासमोरून हलत नव्हती. बीटीचं बियाणं आलं तेव्हा बोंडअळीची कटकट संपली, असं सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. पंधरा वर्षांत अळीनं त्या बियाण्याचा अभ्यास करून पदवी घेतली. लोकांनी उभ्या कपाशीत मेंढरं सोडली, नांगर घातले. भालचंद्ररावांनी त्या सगळ्या अर्जांवर शिक्के मारले आणि निवृत्त झाले. आपण नुसता शिक्काच मारला, ही गोष्ट त्यांच्या मनातून जाईना.

म्हणून पुढच्या उन्हाळ्यात एका संस्थेनं बिनपगारी समन्वयक शोधायला सुरुवात केली, तेव्हा हे स्वतः जाऊन नाव देऊन आले. गावोगावच्या तरुण पोरापोरींच्या हातात मोबाइल आहेच, तर त्यातून शेतीच्या कामाचं काही करून घ्यावं, असा तो कार्यक्रम होता. शरयूताईंनी कपाळावर हात मारला. "फोन उचलताना हात थरथरतो तुमचा, आणि तुम्ही डिजिटल?"

"रजिस्टर ठेवायचंय फक्त," ते म्हणाले.

काम तसं साधं होतं. सहा गावांत कपाशीच्या वावरात कामगंध सापळे लावायचे. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासानं नर पतंग येतात आणि खालच्या पिशवीत अडकतात. रोज सकाळी गावातल्या पोरानं किंवा पोरीनं ते मोजून फोटो काढायचा आणि ॲपवर टाकायचा. सलग तीन दिवस आठ-आठ पतंग सापडले, तर अळी येणार, फवारणी करा. नाहीतर उगाच विष मारू नका. आदल्याच साली यवतमाळकडे फवारताना माणसं दगावली होती, त्यामुळे हे 'उगाच' फार महत्त्वाचं होतं. सहा गावांचे आकडे पाहून दीडशे शेतकऱ्यांना रोज नऊ वाजता मेसेज पाठवायचा, ते भालचंद्ररावांचं काम.

त्यांनी नियम केला की फोटो आठच्या आत आला पाहिजे. आठ वाजून दोन मिनिटं झाली की लाल शाईचा शेरा आणि पाठोपाठ फोन. त्यात ॲपही त्यांच्याच वळणाचं. फोटो काढला की जागेवरूनच गेला पाहिजे, रेंज नसेल तर पुसून टाकायचं. पोरं त्यांना 'आठवाले काका' म्हणू लागली. सुरुवातीला रोहिणखेडचे फोटो रोज उशिरा येत. तिथलं काम मलिहा बघायची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली हुशार मुलगी. पण पोळा झाला आणि तिचेही फोटो पावणेआठलाच येऊ लागले. आकडेही छान. दोन, एक, शून्य, एक. पंधरा दिवस भालचंद्रराव नऊच्या ठोक्याला एका बोटानं टाइप करत, 'आज धोका नाही. फवारणी नको.'

सगळं इतकं सुरळीत चाललेलं पाहून त्यांना काळजी वाटू लागली.

सप्टेंबर संपता संपता एका दुपारी शकूरभाईंचा फोन आला. शकूरभाई म्हणजे मलिहाचे वडील. त्यांची चार एकर कपाशी, आणि रोहिणखेडचा सापळा त्यांच्याच वावरात.

"साहेब, काही फुलं उमलून नाही राह्यले. पाकया आतल्या आत चिकटल्या हाये, डोमकयीवानी. फवारू का?"

डोमकळी, म्हणजे अळीनं आतून बांधून टाकलेलं फूल, हे भालचंद्ररावांनी नुसतं ऐकलं होतं. त्यांनी रजिस्टर उघडलं. पंधरा दिवसांचे आकडे सुबक अक्षरांत एकाखाली एक बसले होते. "सापळ्यात कालही एकच पतंग आहे, शकूरभाई. थांबा जरा."

"तुमी म्हणता तं थांबतो," शकूरभाई म्हणाले आणि फोन ठेवला.

वाद घातला असता, तर बरं झालं असतं. 'तुमी म्हणता तं' हे तीन शब्द संध्याकाळपर्यंत त्यांच्या मागे लागले. त्यांच्या म्हणण्यावर आजवर एक पोस्टकार्डसुद्धा अडलं नव्हतं. जेवताना त्यांनी भातावर वरण घेतलं आणि तसेच बसून राहिले. शरयूताई म्हणाल्या, "एवढं आहे तर जाऊन बघून या. कागदाकडे बघून अळी दिसते का कुठं?"

सकाळच्या पहिल्या बसनं ते निघाले. मोताळ्याला बस बदलली, आणि साडेनऊच्या सुमारास रोहिणखेडच्या फाट्यावर उतरले. त्या दिवशीचा मेसेज त्यांनी पाठवला नव्हता. तीन महिन्यांत पहिल्यांदा नऊ वाजून गेले आणि त्यांचा फोन गप्प होता. मलिहा दारातच भेटली, त्यांना बघून तिचा चेहराच उतरला.

"काका? तुमी इथं?"

"सापळा दाखव बेटा."

ती वावराकडे वळली नाही. गावाच्या वरच्या अंगाला पाण्याची टाकी आहे, त्या टेकाडावर ती चढू लागली. भालचंद्रराव धापा टाकत मागून. वर टाकीच्या शेजारी लिंबाच्या फांदीला हिरवा सापळा लटकत होता. पिशवीत एक पतंग होता, तोही वाट चुकून आल्यासारखा. कपाशी खाली, नाल्याकाठच्या खोलगट भागात, अर्ध्या कोसावर पसरलेली.

"हा इथं कसा?"

"वावरात रेंज धड येत नाही काका. फोटो गोल गोल फिरत राह्यते अन् पुसून जाते. तुमाले आठच्या आत पाह्यजे. रोज लाल शेरा." सापळ्याकडे बघत ती म्हणाली, "मी तुमाले इचारलं होतं. थोडा वर लावला तं चालते का म्हणून."

भालचंद्ररावांना आठवलं. लख्ख आठवलं. आठला चार मिनिटं कमी होती आणि ते घड्याळाकडे बघत फोनवर बोलत होते. 'कुठंही लाव, पण आठच्या आत फोटो दे,' असं ते म्हणाले होते. पोरीनं कुठंही लावला, आणि आठच्या आत फोटो दिला.

तिथं थांबण्यात अर्थ नव्हता. दोघं खाली वावरात उतरले. शकूरभाई कपाशीतच होते. भालचंद्रराव त्यांना एवढंच म्हणाले, "वीस बोंडं तोडू. वेगवेगळ्या झाडांची."

बोंड वरून हिरवंगार, टणक, अगदी शहाण्यासारखं दिसतं. गुलाबी अळीचं तेच तर दुखणं, बाहेरून काही कळतच नाही. शकूरभाई अंगठ्यानं एकेक बोंड फोडू लागले. पहिलं चांगलं निघालं. दुसरंही. भालचंद्ररावांना उगाचच धीर आला, त्यांनी मनातल्या मनात गजाननमहाराजांना नारळ बोलून टाकला. तिसऱ्यात अळी वळवळली. मग पाचव्यात, सहाव्यात. वीस फोडून झाली तेव्हा सात किडलेली होती. विसात दोन निघाली तरी फवारणी करा, असं संस्थेच्या कागदात छापलेलं होतं. तो कागद त्यांनी रजिस्टरच्या पहिल्याच पानाला चिकटवला होता.

"मी आलोच," म्हणून ते पुन्हा टेकाड चढू लागले. मलिहा मागोमाग आली. वर रेंज आल्यावर त्यांनी उरलेल्या पाच गावांच्या पोरांना एकामागून एक फोन लावले आणि सगळ्यांना एकच विचारलं. सापळा कुठं आहे? एक शाळेच्या गच्चीवर निघाला. एक मारुतीच्या पारावर. एक चक्क पोराच्या अंगणात. दोनच वावरात होते, आणि तिथली पोरं दर दोन दिवसांआड लाल शेरा खाणारी. त्यांचे आकडे वाढत होते, पण उशिरा आलेला आकडा भालचंद्रराव दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात टाकत, मधला एक दिवस रिकामा राही, आणि तीन दिवसांची सलग ओळ कधी जुळतच नव्हती.

मग त्यांनी संस्थेच्या भार्गवी मॅडमना फोन करून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "काका, घाबरू नका. असं लिहा, तांत्रिक कारणास्तव आकडेवारीत फरक पडला, कृपया फवारणी करावी. तुमचं नाव नको आणि सापळ्यांचंही काही नको. लोकांचा विश्वास एकदा गेला की पुढच्या वर्षी कार्यक्रमच उरणार नाही."

तसं लिहायला किती सोपं होतं! तांत्रिक कारणास्तव, आदेशान्वये, माहितीस्तव सादर. जन्मभर हीच भाषा त्यांच्या हाताखालून गेली होती, आणि तिच्यात माणूस कुठंच नसतो. त्यांनी 'तांत्रिक का' एवढं टाइप केलंही. पण दीडशे माणसं पंधरा दिवस थांबली होती. कारण तांत्रिक आहे म्हटल्यावर कोणी वावरात जाऊन बोंड फोडून बघेल का? जो तो म्हणेल, उद्या दुरुस्त होईल. गावोगावची माणसं घरी येतील, शिव्या देतील, शरयूला तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे सगळं त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी अक्षरं पुसली आणि एका बोटानं नवीन मेसेज लिहिला. पुरी वीस मिनिटं लागली.

'पंधरा दिवस मी धोका नाही असं कळवलं ते चूक होतं. फोटो आठच्या आत यावा म्हणून मी हट्ट धरला, त्यामुळे सापळे वावराबाहेर गेले. मुलांचा दोष नाही. चूक माझी आहे. आत्ता वावरात जा, वीस बोंडं फोडा. दोन किडकी निघाली तर फवारणी करा, तोंडाला फडकं बांधून. भालचंद्र पाठक.'

पाठवलं, आणि उत्तर येण्याच्या आत ते खाली निघाले. ज्याला स्वतःच्या तोंडानं थांबा म्हटलं, त्याला मेसेजमधून कळू नये, एवढंच डोक्यात होतं. पण शकूरभाई समोर आले आणि ते हवापाण्याचंच बोलू लागले. शेवटी मलिहानंच फोन काढून मेसेज वाचून दाखवला. 'मुलांचा दोष नाही' इथं ती अडली.

"अब्बा, सापळा मीच नेला होता वर," ती म्हणाली आणि रडू लागली.

शकूरभाईंनी हातातलं किडकं बोंड खाली टाकलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर भालचंद्ररावांनी ते मुकाट्यानं सोसलं असतं, त्याची तयारी करूनच ते उतरले होते.

"रडू नोको. मले मालूम होतं ना," शकूरभाई म्हणाले. "वावर माहं हाये. पोया झाला तवापासून सापळा जागेवर नाही, हे मले दिसणार नाही काय? मले वाटलं, साहेबानंच हालवला असन. साहेबाले समजत असन." मग भालचंद्ररावांकडे वळून त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, "खालचे बोंडं गेले साहेब. वरचे वाचतीन, आज फवारलं तं. डोमकयी बी दिसत होती मले. पन तुमी थांबा म्हटलं, मंग मी माह्या डोयाले खोटं म्हटलं."

ते पंप आणायला घराकडे गेले, मलिहाही डोळे पुसत त्यांच्या मागे गेली. भालचंद्ररावांच्या खिशात फोन वाजला नाही, कारण तिथं रेंज नव्हती. तेहतीस वर्षांत माणसांनी त्यांच्यावर एवढा भरवसा कधीच टाकला नव्हता, आणि त्यापायीच खालची बोंडं गेली होती. ते धुऱ्यावर, वावराच्या बांधावरच, बसले.