आडवा झालेला गहू

काल वारा सुटला आणि माझा गहू आडवा झाला. बांधापलीकडे रघुभाऊजींचा गहू मात्र ताठ उभा होता. इथली जमीन दोघांचीही सारखीच, हलकी, मुरमाड.

रघुभाऊजी माझ्या नवऱ्याचे जुने मित्र. हे गेल्यावर मी शेती हातात घेतली ती त्यांच्याच भरवशावर. पेरणीच्या वेळी काडी मजबूत करणाऱ्या पोटॅश खताचं विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "कशाला वहिनी? आमचा गहू पोटॅशशिवायही ताठ उभा राहतो."

आज ते बांधावर भेटले.

"भाऊजी, या गव्हाला पोटॅश टाकलंत?"

"टाकलं की. हलक्या रानाला लागतंच."

"मला तर नको म्हणालात."

"ते मी आमच्या नदीकाठच्या काळ्या रानाचं सांगितलं. तिथं नाही लागत." माझ्याकडे न बघता ते हातातली ओंबी चोळत राहिले.

ते खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांचा शब्दन्‌शब्द खरा होता, फक्त दुसऱ्या जमिनीचा होता. माझं रान त्यांनीच नांगरून दिलं होतं, त्यातले खडे त्यांना ठाऊक होते. विश्वास असला की माणूस पुढचा प्रश्न विचारतच नाही, आणि सांगणाऱ्याला हेही ठाऊक असतं.

मी वाकून चार ताटं उभी करून पाहिली. हात काढला की ती पुन्हा निजत होती.

"पुढच्या वर्षी नीट सांगेन, वहिनी."

"नको," मी म्हणाले आणि बांधावरून माझ्या बाजूला उतरले.