मास्तरांचा उजवा पाय

मोटार शिकवणाऱ्या माणसाची ओळख हातावरून पटत नाही, बुटांवरून पटते. मास्तरांचा डावा बूट कायम आजच दुकानातून आणल्यासारखा दिसे, आणि उजव्याचा तळ झिजून कागदाएवढा झालेला असे. दुकानदार मेला एक बूट विकत नाही. त्यामुळे माळ्यावर गोणीभर डावे बूट साठले होते. सगळे धडधाकट, सगळे बिनकामाचे.

"यांचं काय लोणचं घालायचंय?" बायको विचारायची.

"असू देत. टाकवत नाहीत."

शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. शिकणारा स्टिअरिंगला बुडत्यासारखा कवटाळून बसतो, समोरून सायकलवाला येतो, शिकणारा डोळे मिटतो, आणि गाडी अलगद थांबते. "छान थांबवलीत हो," मास्तर म्हणायचे. शिकणारा घाम पुसत मान डोलवायचा. गाडी कोणी थांबवली हे मास्तर कधी कळू द्यायचे नाहीत. त्यांच्या गाडीने इतक्या वर्षांत एका कुंडीचाही टवका उडवला नव्हता, आणि गावात लोक त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. तेही ते मानाने मिरवत.

पंचाईत एवढीच, की तो पाय गाडीतून उतरला तरी कामावरून सुटत नसे. सिनेमात मोटारी एकमेकींच्या मागे लागल्या की पुढच्या खुर्चीला लाथ बसायची. लिफ्ट खाली जाताना मास्तर जमीन दाबायचे. मेव्हण्याने नवी गाडी घेतली आणि मोठ्या हौसेने फिरवायला नेलं. परत आल्यावर तो म्हणाला, "दाजी, पुढच्या वेळी तुम्ही मागे बसा. पायाखालचं मॅटिंग फाटलं माझं."

बायकोही मुळात त्यांच्याकडे शिकायलाच आली होती. नुकती कुठे शिकवणी सुरू झाली होती. तिने भर रस्त्यात गाडी कडेला घेतली, किल्ली काढून हातात धरली आणि म्हणाली, "सर, पाय काढा."

"कुठला पाय?"

"तोच. तुम्ही दाबता आणि मला वाटतं मीच दाबला. अशाने मला गाडी यायची नाही, तुमच्यावर भरवसा तेवढा येईल."

मास्तरांना असं कोणी बोललं नव्हतं. त्यांनी निमूट सीटवर मांडी घातली. तिने गाडी काढली, वळणावर जास्तच वळवली, आणि एका कुंपणाच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबवली. स्वतः थांबवली. मास्तरांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ती हसत होती. गाडी तिला आली आणि भरवसाही आला. पुढच्या वर्षी लग्न झालं. आता ती शाळेच्या पोरांची व्हॅन चालवते, आणि नवऱ्याला अजून 'मास्तर'च म्हणते.

हे सगळं गमतीचं झालं. गमतीचं नव्हतं ते थोरल्या मुलीच्या जन्माच्या वेळचं.

तेव्हा बायकोला दिवसभर कळा आल्या होत्या. दवाखान्यातले डॉक्टर बाहेर आले आणि मास्तरांना म्हणाले, "वेळ लागतोय. थांबायचं, की ऑपरेशन..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मास्तर म्हणाले, "करा." आत पडलेल्या बायकोला कोणी काही विचारलं नाही. भूल उतरून तिने डोळे उघडले तोवर पोरगी सगळ्या नातेवाइकांच्या हातांतून फिरून झाली होती. नाक कोणावर, कपाळ कोणावर याचे निकाल लागले होते. आईचं मत घ्यायचं तेवढं राहिलं होतं.

नंतर किती तरी दिवस ती चिडवायची. दूध उतू जाताना मास्तरांनी गॅस बंद केला की, "दाबला का ब्रेक?" मास्तर हसायचे. एकदा मात्र चादरीच्या घड्या घालताना, चिडवायचा सूर नसताना ती म्हणाली, "मला विचारायला हवं होतं. मी नाही म्हटलं असतं असं नाही. पण विचारायला हवं होतं."

मास्तरांनी चादरीचं दुसरं टोक धरलं होतं. त्यांनी ते नेऊन तिच्या टोकाला जुळवलं. चादरीची नीट घडी झाली.

म्हणून दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा तिने आधी दवाखाना बदलला. नव्या डॉक्टरबाई केस पिकलेल्या, आवाजाने शाळेतल्या बाई शोभाव्यात अशा. त्यांनी जुना टाका बघितला, तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, "नॉर्मलचा प्रयत्न करता येईल. टाका आडवा आहे, मधे वर्षंही बरीच गेलीत. पण गर्भपिशवीवरची शिवण ती शिवणच. कळांच्या जोराने उसवायची थोडी भीती असते. थोडी म्हणजे थोडीच, पण उसवली तर धावपळ होते. म्हणून कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही. मी ऑपरेशनची तयारी बाजूला ठेवीन आणि बाळाच्या ठोक्यांवर नजर ठेवीन."

"आणि थांबायचं की कापायचं, हे कोण ठरवणार?"

"जिवावर बेतलं तर मी. एरवी तू."

बाईंनी मग मास्तरांकडे बघितलं. "आणि यांचं काय?"

"हे तोंड उघडणार नाहीत," बायको म्हणाली.

"नाही उघडणार," मास्तर म्हणाले.

"बघा बाई, उघडलं."

तिघंही हसले. पण घरी येताना ती व्हॅन चालवत होती आणि समोर बघत म्हणाली, "मास्तर, मला एकदा आपलं आपण करून बघायचंय. जमलं तर जमलं. एवढंच हवंय मला." मास्तरांनी मान हलवली. त्यांनी मनापासून हलवली होती, याबद्दल शंका नको.

सकाळी थोरलीची वेणी घालता घालता कळा सुरू झाल्या. बायकोचा कंगवा तसाच अधांतरी राहिला.

"आई, दुखतंय ना केस," थोरली म्हणाली.

"तुझे नाही गं, माझं दुखतंय." मग आत हाक. "मास्तर, गाडी काढा!"

मास्तरांच्या सासूबाई आठवड्यापासून येऊन राहिल्या होत्या. त्यांनी उरलेली वेणी हातात घेतली. मास्तरांनी गाडी काढली आणि अशी चालवली, की पायी जाणारे पुढे जाऊ लागले.

"शिकाऊची पाटी लावली का हो मागे?" बायकोने कळ ओसरल्यावर विचारलं.

"खड्डे आहेत."

"बाळ होऊन शाळेत जायला लागेल."

दवाखान्यात दाराशी बूट काढायला लावले आणि पायात रबरी सपाता दिल्या. खोली स्वच्छ होती. खिडकीशी रुंद कट्टा होता, त्याला धरून बायको येरझाऱ्या घालत होती. पोटावर पट्टा, पट्ट्याची वायर यंत्राला, आणि यंत्रातून बाळाच्या ठोक्यांचा आवाज. घोडा दौडतोय तसा. मास्तर तिची कंबर चोळत होते आणि तिच्याबरोबर फुंकर मारत होते. सिस्टर आत आली आणि म्हणाली, "अहो साहेब, श्वास त्यांनी सोडायचाय. तुम्ही फुगा फुगवल्यासारखं नका करू, चक्कर येईल."

"यांना सगळं माझ्याबरोबर करायची सवय आहे," बायको म्हणाली आणि पुढची कळ आली.

दुपारी डॉक्टरबाईंनी तपासलं. "छान चाललंय गं. अर्ध्याच्या पुष्कळ पुढे गेलीस."

त्यानंतर बायकोचा चेहरा जो झाला, तो मास्तरांनी एकदाच आधी बघितला होता, त्या कुंपणाच्या भिंतीपाशी. घामाने केस कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले, आणि हसू मावत नव्हतं. "मास्तर, होतंय," ती म्हणाली. "अहो, खरंच होतंय."

थोड्या वेळाने घोड्याची चाल बदलली. कळ आली की ठोके मंद व्हायचे, कळ गेली की पुन्हा दौड. सिस्टरने बाईंना बोलावलं. बाईंनी यंत्रातून निघणारा कागद हातावर घेऊन बघितला. बायको पलंगाच्या कडेला बसली होती. मास्तर तिच्यासमोर उभे, आणि तिने त्यांचा हात कोपरापाशी घट्ट पकडलेला.

"ठोके मधे मधे उतरताहेत," बाई म्हणाल्या. "परत वर येताहेत, ते चांगलं आहे. जुन्या टाक्यापाशी दुखतंय का?"

"नाही. कळ सोडून काही नाही."

"मग थोडं थांबता येईल. नाहीतर आत्ता आत घेते. मी दोन्हीला तयार आहे. मला विचारशील, तर थोडा वेळ बघायला माझी हरकत नाही. पण तू सांग."

"बाळाला त्रास?"

"आत्ता नाही. पुढचं छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही."

मास्तरांनी ओठ आवळून धरले होते. जीभ दातांखाली होती. शब्द दिला होता आणि तो ते पाळत होते. बायकोने त्यांच्याकडे बघायला मान वर केली, तेवढ्यात कळ आली. मान आपोआप खाली गेली. यंत्रातला घोडा मंदावला, आणखी मंदावला. दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत चर्रकन् आवाज झाला.

रबरी सपातेचा. मास्तरांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला होता. टाच उचललेली, पोटरी दगडासारखी, सपात जागच्या जागी घासलेली. तो पाय आपला आहे हे मास्तरांच्याही ध्यानात नव्हतं.

ठोके पुन्हा वर आले. बायको खाली बघतच होती. मग तिने हात सोडला.

"करा ऑपरेशन," ती म्हणाली.

"नक्की?" बाईंनी विचारलं. "घाई नाहीये."

"नक्की."

पोरगी झाली आणि जन्मतःच दवाखाना डोक्यावर घेतला. या वेळी कमरेखालचीच भूल होती, म्हणून पोरीला आधी आईच्या गालाला लावलं. तेवढं मात्र झालं. डॉक्टरबाई हात धुऊन बाहेर आल्या तेव्हा मास्तरांनी दारातच विचारलं, "थांबलो असतो तर झालं असतं?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "शिवण चांगली होती. बाळ दणकट आहे. झालंही असतं, नसतंही. चुकीचा निर्णय नव्हता तो."

"पुढच्या वेळी..."

"पुढची वेळ असलीच, तर सरळ ऑपरेशन. दोनदा शिवलेल्या पिशवीवर मी प्रयत्न करू देणार नाही."

मास्तर बाकावर बसले. सायकलवाला वाचला हे दिसतं. शिकणाऱ्याने स्वतःच ब्रेक दाबला असता का, हे कधीच दिसत नाही. इतकी वर्षं त्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. गरजच पडली नव्हती. न झालेल्या अपघाताचं श्रेय घेऊन माणूस सुखाने जगू शकतो, आणि मास्तर जगले होते.

पुढचे दिवस दवाखान्यात माणसं येत राहिली. सासूबाई प्रत्येकाला सांगायच्या, "या वेळी जावईबापू शहाण्यासारखे गप्प बसले हो. एक शब्द नाही. लेकीनेच सांगितलं काय ते."

"हो, मीच म्हटलं," बायको म्हणायची.

मास्तर टोमण्याची वाट बघत होते. तिने एकदा 'दाबला का ब्रेक' म्हणावं, म्हणजे आपण मान खाली घालू, ती हसेल, आणि मागच्यासारखंच चालू होईल. टोमणा आला नाही. उलट ती म्हणायची, "जरा पाणी देता का?" आजवर ती "मास्तर, पाणी" एवढंच म्हणत आली होती. 'देता का' मास्तरांना नीट गिळता येईना.

एका दुपारी सासूबाई थोरलीला घेऊन चहाला खाली गेल्या. मास्तरांनी घसा साफ केला. "तुला एक सांगायचं..."

"पायाचं ना?"

मास्तरांनी उजवा पाय मागे घेतला.

"मी बघितला," ती म्हणाली. "आवाजही ऐकला."

"मी मुद्दाम नाही गं. मी काही बोललो नाही. ती सवय..."

"माहितीय. मी कुठे चिडलेय? तुमची भीती काही खोटी नव्हती." ती छताकडे बघत होती. "मला विचारलं होतं, मास्तर. या वेळी मला विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, थांबलीस तरी चालेल. माझ्या मनात थांबायचंच होतं. आणि पाय बघितला, आणि वाटलं, यांना काहीतरी दिसतंय जे मला दिसत नाही."

"मला काहीच दिसत नव्हतं."

"तेच तर."

मास्तर म्हणाले, "मी बाहेर थांबायला हवं होतं."

"छे. बाहेर असतात, तर मी दाराकडे बघितलं असतं." तिने डोळे पुसले नाहीत, पाणी कानापर्यंत गेलं तसं जाऊ दिलं. "चूक तुमची एकट्याची नाही. एवढा भरवसा ठेवायला नको होता मी."

लग्नानंतर हे वाक्य आपण कधी ऐकू, असं मास्तरांना वाटलं नव्हतं.

पाळण्यात बाळ कुरकुरलं आणि बघता बघता भोकाड पसरलं. मास्तर सवयीने उठले, हात पुढे गेले, आणि मधेच थांबले.

"उचलू का?"

"थांबा जरा. मला पोचतंय का बघू दे."

तिने पलंगाचा कठडा धरला आणि कूस बदलू लागली. टाक्यांनी ओढ घेतली तशी थांबली, दात आवळले, पुन्हा सरकली. मास्तर दोन हात पुढे धरून नुसते उभे होते. बाळ लालबुंद होत होतं. तिची बोटं पाळण्याच्या कडेला लागली, दुपट्याच्या टोकापर्यंत गेली, आणि त्यापुढे काही जाईनात. तिने आणखी एकदा जोर लावला. मग श्वास सोडून उशीवर मान टाकली.

"नाही जमत," ती म्हणाली. "द्या तुम्हीच."