आधी नाव विचारा

पालमच्या मैदानावर कबड्डी सुरू होण्याआधी शिवलिंगअप्पा शिट्टी वाजवत नसत. आधी प्रत्येक खेळाडूने समोरच्याला नाव विचारायचं. "आडनाव नगं. नुसतं नाव इचारा," ते म्हणायचे. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आडनाव ऐकून माणसांच्या नजरा बदलायच्या. अप्पांचं किराणा दुकान होतं, पण सगळे त्यांना पंच म्हणूनच ओळखायचे. "नाव ठावं असलं की त्याच्या बरगडीत गुडघा घालताना पाय अडखळतो," असं त्यांचं म्हणणं.

आमच्या संभाचा पाय मात्र एकदा अडखळला नाही. जत्रेतला अंतिम सामना, येलदरीच्या संघाशी. त्यांच्या उत्तमचा चढाईत दम सुटला, शिट्टी झाली, तो परत वळला. तरी संभाने धावत येऊन त्याच्या मांडीत गुडघा घातला. उत्तम उठेना.

"संभा, बाहीर. त्यालाबी उचलून ने. तो उभा राहीस्तोवर त्याच्यापाशी बस."

हा अप्पांचा नेहमीचा नियम. पण संभा आमचा हुकमी गडी, आणि ढाल त्याच्या काकांनी दिलेली. काका तरातरा आत आले. "अप्पा, पोरगं जोशात व्हतं. जाऊ द्या की."

"जोशाला डोळे नसत्यात का, मालक?"

"मंग ढाल घरी नेतो मी!"

"न्या. मैदान हितंच राहतंय."

काका माझ्याकडे वळले. "कप्तान, टीम काढ बाहीर!"

मी नुकताच परभणीच्या कॉलेजात गेलेलो, आमच्या घरातला पहिलाच. एवढ्या माणसांत बोलायची सवय नव्हती. पण टीम निघाली तर अप्पांना पुन्हा कुणी पंच म्हणून बोलावणार नाही, हे कळत होतं. मी नुसता जागेवर गेलो आणि शेजारच्याचा हात धरला. त्याने पुढच्याचा. सहा जणांची साखळी उभी राहिली.

अप्पांनी शिट्टी दिली.

शेवटची चढाई येलदरीची, आम्ही एका गुणाने पुढे. त्यांच्या गड्याला आम्ही कमरेला, घोट्याला धरलं, दम संपेपर्यंत सोडलं नाही, आणि अलगद खाली ठेवलं. जिंकलो! कल्ला झाला. काकांचीही टोपी हवेत उडालेली मी पाहिली.

रेषेबाहेर संभा अजून उत्तमची मांडी चोळत होता. "अप्पा, ढाल घ्यायला तरी येऊ का?"

"मला काय इचारायलास? त्याला इचार."

उत्तम हसला. "चल की. पर मला घिऊन चल, पाय टेकवंना."

संभाने त्याला पाठीवर घेतलं. आमची ढाल उत्तमने डोक्यावर धरली आणि दोघे मैदानभर फिरले. पुढे अप्पा, धोतर खोचून, शिट्टी फुंकत सुटलेले.