सासूबाईंनी लुगडी परत मागितली

मैत्रिणींनो, आजची गोष्ट आजच सांगते.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या आतड्यातली कर्करोगाची गाठ कापली होती. यंदा स्तनात गाठ लागली. आतड्याचा रोग तिथे क्वचितच पसरतो, असं गोंदियाचे डॉक्टर म्हणाले. तरी तुकडा तपासायला नागपूरला पाठवला. सासूबाईंनी मात्र धीर सोडला आणि आपली सगळी लुगडी आम्हा सुनांना, शेजारणींना वाटून टाकली.

आज डॉक्टरांनी सांगितलं, गाठ साधी चरबीची आहे.

बैलबंडीतून उतरल्या त्या थेट दारोदार निघाल्या. "मी काही मरून नाही राहिली. माझा लुगडा वापस दे. मंडईच्या जत्रेत काय नेसू?"

माझ्या वाट्याचं हिरवं तर मी नेसलेच होते. म्हणाल्या, "धुऊन दे."

दिलेली वस्तू कुणी परत मागितली म्हणून तुम्हाला कधी इतका आनंद झालाय?