पट्टीकाका आणि लाल दिवा

डॅशबोर्डवर दिवा लागला की माणसं गॅरेजला फोन करतात. आमच्या धायरीच्या सोसायटीतले पट्टीकाका खिशातून काळ्या इन्सुलेशन टेपची गुंडाळी काढायचे, नखाएवढा तुकडा कापायचे आणि दिव्यावर चिकटवायचे. बिघाड संपला. "कंपन्या घाबरवतात हो," ते म्हणायचे. "आपण घाबरायचं नाही."

आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला हे ज्ञान कुठून झालं, कोणालाच ठाऊक नव्हतं. पार्किंगमध्ये कोणाचंही बॉनेट उघडलं की काका टेस्टर घेऊन हजर. फ्यूज का जळला हे शोधायचं असतं, हे त्यांना मान्य नव्हतं. ते त्या जागी तांब्याची तार घालत. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या गाडीचं वायरिंग त्यांनी 'बघितलं', तेव्हापासून डावा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजायचा. "चांगलंच आहे की," काका म्हणाले. "वळताय ते लोकांना कळतं."

सर्व्हिसिंग, विमा, पीयूसी, बॅटरी, सगळ्या तारखा मी फ्रिजवर लावून ठेवते. काका ते वाचून विचारायचे, "गाडी आहे की बाळंतीण?"

बाबांचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. साखर वाढल्यामुळे ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं. या वेळी तारीख चुकली, तर डॉक्टर परदेशी जाऊन परत येईपर्यंत अंधारात बसायची वेळ होती. आदल्या संध्याकाळी पाण्याचा टँकर आत यायचा म्हणून काकांनी माझी गाडी बाजूला घेतली. सकाळी "सोबत असावं कोणीतरी" म्हणत, न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसले.

सिंहगड रोडच्या गर्दीत स्टिअरिंग जड झालं आणि गाडी बंद पडली. चावी फिरवली, तर साधा आवाजही नाही.

मागून बाबा शांतपणे म्हणाले, "अहो, कुठला दिवा झाकलात?"

काकांनी वाकून काळ्या डॅशबोर्डवरची काळी पट्टी सोलली. "बॅटरीचा. काल लागला होता. म्हटलं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुमच्या डोक्याला ताप कशाला."

तो लाल दिवा म्हणजे बॅटरी चार्ज होत नाही. काल सांगितलं असतं तर मी सकाळची रिक्षा ठरवून ठेवली असती. हे मी त्यांना ऐकवलं, आणि आणखीही पुष्कळ.

ते ऐकायला थांबले नाहीत. रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून त्यांनी एक भरलेली रिक्षा थांबवली, आतल्या गृहस्थांना हात जोडून खाली उतरवलं, बाबांना धरून बसवलं आणि गेले.

गाडी गॅरेजवाल्याच्या हवाली करून मी पोचले, तोवर ऑपरेशन झालं होतं. बाहेरच्या बाकावर काका बाबांची फाइल, चष्मा आणि रुमालात गुंडाळलेली कवळी मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टरांना त्यांनी भिंगाबद्दल दोन सूचनाही केल्या होत्या, असं नर्सने सांगितलं.

यंदा ते मुलाकडे, मांजरी गावात राहायला गेले. तिथल्या रहिवाशांना एवढंच कळवायचं आहे: गाडीची चावी त्यांच्या हाती देऊ नये. कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल, तर त्यांना सोबत जरूर घ्यावं. रिक्षाने.