वक्त्याला एक तरी प्रश्न

काका कधी खुर्चीवर बसत नसत. आमच्या संगणक महाविद्यालयात दर गुरुवारी दुपारी जाहीर व्याख्यान असतं. काका ते मागच्या भिंतीलगत येरझारा घालत ऐकायचे. "बसा ना," म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "बसलो की डोकं बसते, ताई."

नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले. मुलगी इथे परदेशात, ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर. तिच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. महाविद्यालयाच्या बातम्या आणि आगामी व्याख्यानांचं पत्रक मी सोमवारी सकाळी काढते. अकरा वाजता काका माझ्या दाराशी हजर. "युवर मॅन", म्हणजे 'ते तुमचे गृहस्थ', आल्याचा फोन मुख्य दारावरचा शॉन आधीच करायचा.

व्याख्यान संपून सभागृह गप्प राहिलं, की मागून काकांचा हात वर. विषय कळलेला असो वा नसो. "वक्त्याले बिनप्रश्नाचं घरी धाडू नये. पाप लागते."

त्यांना स्वतःला एकदा बोलायचं होतं: भोकं पाडलेल्या कार्डांवर प्रोग्रॅम चालायचे, त्या दिवसांवर. मी नाव यादीत घातलं, तळाशी. दर सोमवारी एखाद्या कंपनीतला बडा पाहुणा मिळायचा आणि काका आठवडाभर पुढे ढकलले जायचे. "यादीत आहे ना? मग झालं," म्हणत ते माझ्या टेबलाला फेऱ्या मारायचे. त्यांची परतीची तारीख मी नावापुढेच लिहून ठेवली होती. तरी ती उलटली.

ते मायदेशी परतले आणि पुढच्याच गुरुवारी पाहुण्याने आयत्या वेळी नकार कळवला. मी नागपूरला फोन लावला.

"आज? अर्ध्या तासात? लावा पडदा!"

पडद्यावर दिसली ती रिकामी खुर्ची आणि भिंतीवरचं कॅलेंडर. काका फिरत फिरत बोलत होते. आवाज जवळ यायचा, लांब जायचा. दोन हजार कार्डांचा खोका जिन्यात सांडल्याची हकिगत सांगताना तर ते बहुधा दुसऱ्याच खोलीत पोचले होते. समोर चौदा विद्यार्थी. काही हसले, दोघे उठून गेले. अखेर काका कॅमेऱ्यासमोर वाकले.

"प्रश्न?"

कुणी हलेना. मी मागे वळून पाहिलं. भिंतीलगतची जागा मोकळी होती. इतक्या वर्षांत इतकी व्याख्यानं लावली, पण मी स्वतः एकदाही प्रश्न विचारला नव्हता. मी हात वर केला आणि घाईत मराठीतच विचारलं,

"काका, ती कार्डं परत क्रमाने लावायला किती वेळ लागला?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"लांबलचक गोष्ट आहे, ताई," ते म्हणाले, आणि बसले.